जुनी डिझेल पिकअप घेताना : ओढण्याआधी थांबण्याचा विचार



गळीत हंगाम उतरणीला लागला की आमच्या गट कार्यालयात ऊस नोंदीच्या जोडीला आणखी एक विचारणा सुरू होते. जुनी डिझेल पिकअप घ्यावी काय, घ्यावी तर कोणती, आणि तिच्यामागे ट्रॉली, पाण्याचा टँकर किंवा भाताचे मळणीयंत्र जोडून जव्हार-मोखाडा बाजूला भाड्याचा धंदा करता येईल काय? विचारणारे बहुधा आपल्या पश्चिम पट्ट्यातले, त्र्यंबक-हरसूलकडचे सभासद किंवा त्यांचे पाहुणे असतात. उसाच्या खात्याने गाडीघोड्याच्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. पण उसाच्या बिलाचे पैसे हातात आले की ते कुठे जातात हे आम्हांस दिसते, आणि चुकीच्या गाडीत गेलेला पैसा पुढच्या वर्षी खताला कमी पडतो हेही दिसते.

जव्हार-मोखाडा हा काही उसाचा मुलूख नव्हे. भात, नागली, वरई, खुरासणी ही तिथली पिके. अलीकडे मोगरा आणि भाजीपाला पुष्कळ वाढला आहे. पाऊस उदंड पडतो आणि उतारावरून वाहून जातो. वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे पाणी वाहण्याचे काम तिथे आहे, दिवाळीच्या सुमारास मळणीचे काम आहे, मोगऱ्याच्या आणि भाजीच्या वाहतुकीचे काम आहे. धंदा नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. प्रश्न रस्त्याचा आहे. त्र्यंबककडून मोखाड्याला जाताना तोरंगणचा घाट उतरावा लागतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, आणि तिथून विक्रमगडकडे उतरताना पुन्हा वळणावळणाचा उतार. हमरस्ता सोडून पाड्याकडे वळले की चढ-उतार आणखी उभे.

पिकअप पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एकच : "ओढते कशी?" विकणारा लगेच सांगतो, "काका, दोन ट्रॉल्या जोडा, हलणार नाही." ओढण्याचे खरे असेलही. आजच्या अडीच लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाला सपाटीवर पाच टनांची ट्रॉली हलवणे फारसे जड नाही. पण ती ट्रॉली थांबवायची कोणी? इंजिन ओढते, थांबवतात ते ब्रेक. आणि पिकअपचे ब्रेक तिच्या स्वतःच्या व तिच्या हौद्यातल्या मालाच्या वजनासाठी बनवलेले असतात, मागे जोडलेल्या पराया वजनासाठी नव्हे.

थोडा हिशेब करून पाहू. साडेचार हजार लिटरचा टँकर भरला म्हणजे साडेचार टन पाणी झाले. टाकी, चासी, चाके मिळून आणखी एक टन धरा. साडेपाच टन. रिकामी पिकअप स्वतः दीड-पावणेदोन टनांची. म्हणजे मागचे ओझे पुढच्या गाडीच्या तिपटीहून जास्त. वीस फुटांत एक फूट असा बेताचा उतार धरला तरी हा टँकर पिकअपला पावणेतीनशे किलोच्या जोराने सतत पुढे ढकलत राहतो. पाड्याच्या वाटेवर दहास एक उतार लागला की हाच जोर साडेपाचशे किलो होतो. अशा वेळी ड्रायव्हरने वळणावर ब्रेक मारला तर पिकअपची मागची चाके घसरतात, ट्रॉली आडवी फिरते आणि पिकअपलाच दरीकडे लोटते. बैलगाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते ते आपण लहानपणापासून पाहिले आहे. तिथे निदान मागच्या चाकाला दगड लावायला माणूस चालत असतो.

दुसरा हिशेब उष्णतेचा. गाडी आणि मागचे ओझे मिळून चारच टन धरले, आणि घाट तीनशे मीटर उंचीचा उतरला, तर उतरताना जी शक्ती ब्रेकमध्ये किंवा इंजिनमध्ये जिरवावी लागते तिच्यात साधारण ४० लिटर थंड पाण्याला उकळी आणता येईल. ही सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम यांच्यावर टाकली तर लायनर तापून गुळगुळीत होतात, जळका वास येतो, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी हलकी धरते. ब्रेक ऑईल जुने, पाणी ओढलेले असेल तर ते उकळते आणि पेडल थेट तळाला जाते. यालाच आपण "ब्रेक फेल झाला" म्हणतो. ब्रेक एकाएकी फेल होत नाही, तो घाटभर तापत येतो.

पाण्याच्या टँकरबद्दल आणखी एक सांगायला हवे. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा काही वेळा अधिक धोक्याचा. आतले पाणी पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे लाटेसारखे आपटते. ब्रेक मारल्यावर क्षणभराने पाणी पुढे येऊन धक्का देते, वळणावर ते बाहेरच्या बाजूस जाते आणि टँकर कलतो. आत आडवे पत्रे बसवलेले असतील तर हा झोल कमी होतो. गावठी बनवलेल्या पुष्कळ टाक्यांत हे पत्रे नसतात. झाकण उघडून बॅटरी मारून पाहावे.

यावर आमचे स्पष्ट मत असे की पाच टनांचा टँकर किंवा उसाची भरलेली ट्रॉली पिकअपने ओढू नये. ते काम ट्रॅक्टरचे. ज्याचा धंदा मुळातच ओढण्याचा आहे त्याने पिकअपच्या मागे लागू नये. ज्याला घाटातून जलद जा-ये करायची आहे, हौद्यात माल न्यायचा आहे आणि क्वचित एखादे हलके यंत्र मागे न्यायचे आहे, त्याच्यासाठी पिकअप योग्य. हजार लिटरची टाकी हौद्यात नीट बांधून ठेवली तर वजन एक टनाच्या थोडे वर जाते, आणि सव्वा ते दीड टन भाराची पिकअप ते सुखाने नेते. खेपा जास्त होतील. होऊ द्याव्यात.

कायद्याची बाजूही हीच आहे. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी असावी लागते. शेतीची म्हणून ट्रॅक्टरबरोबर पास झालेली ट्रॉली पिकअपला जोडली की तो वेगळा वापर झाला. पिकअपच्या उत्पादकाने दिलेल्या पुस्तिकेत आणि आर.सी.वर ओढण्याचा भार लिहिलेला नसेल तर तो शून्य समजावा. विकणाऱ्याने मागे जाड हूक वेल्ड करून ठेवलेला असतो आणि तो मोठ्या कौतुकाने दाखवतो. त्या हुकामुळे गाडीला कसलाच अधिकार मिळत नाही. उलट अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस पहिला फोटो त्याच हुकाचा काढतो.

आता गाडी निवडण्याकडे वळू. आपल्या भागात जुन्या बाजारात मुख्यतः महिंद्राची बोलेरो पिकअप आणि कॅम्पर, टाटाची २०७ डी.आय. आणि २०१७ साली आलेली योद्धा, तसेच २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त दिसते. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला. गावातल्या कामाला उत्तम, पण घाटात मागे काही जोडण्याचा विचारच नको. दोस्तही हलक्या मालाची आणि चांगल्या रस्त्याची. घाटासाठी बोलेरो पिकअप किंवा योद्धा या वर्गातली गाडी पाहावी. महिंद्राचा मोटारीचा कारखाना नाशिकला सातपूरला आणि इंजिनांचा इगतपुरीला, त्यामुळे तिचे पार्ट आणि तिचा मेकॅनिक आपल्याकडे कुठेही सापडतो. मोखाड्यात रात्री आठला गाडी बंद पडली तर कोणती कंपनी चांगली यापेक्षा कोणता पार्ट सकाळी मिळेल हे महत्त्वाचे. चारही चाकांना ओढ असलेली गाडी पावसाळ्यात चिखलात उपयोगी पडते खरी, परंतु जुनी घेतल्यास तिचा पुढचा क्राऊन आणि जॉईंट यांचा खर्च मागे लागतो. रोज कच्च्या वाटेने जाणार नसाल तर साधी बरी.

कोणत्या सालची घ्यावी? देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्यांची विक्री सुरू झाली. बीएस-६ डिझेल गाडीत धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा असते. ज्या गाडीत काजळी धरणारी गाळणी आहे तिला अधूनमधून लांब पल्ल्याच्या सलग वेगाची गरज लागते, म्हणजे ती काजळी जळून जाते. रोज पाच-सात किलोमीटर पाड्यावर जाऊन येणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी ओढत नाही. म्हणून अशा छोट्या फेऱ्यांच्या कामाला सुस्थितीतली बीएस-४ गाडी काहींना सोयीची वाटते, आणि ते गैर नाही. मात्र फार जुनीच्या मोहात पडू नये. १५ वर्षांपुढील मालवाहू गाडीच्या पासिंगची फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलेली आहे.

गाडी पाहायला जाताना सकाळी लवकर, आधी न सांगता जावे. इंजिन गार असताना सुरू होते कसे ते कळते. आपण पोहोचलो आणि बॉनेट गरम लागले तर समजावे की मंडळींनी आधीच चालू करून ठेवली. सुरू झाल्यावर ऑईल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तिथून फुसफुस धूर उसळत असेल, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, तर रिंगा-लायनर झिजले आहेत. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते. भार घेताना थोडा काळा धूर जुन्या गाडीत चालेल, उभ्या गाडीत सतत काळा असेल तर पंप, नोझल किंवा टर्बोकडे पाहावे लागेल. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मे महिन्यात तोरंगण चढताना हीच गाडी उकळेल.

इंजिनावर सगळे लक्ष घालून माणसे बाकी गाडी विसरतात. खरे तर इंजिन पैसे टाकून नीट होते, चासी होत नाही. गाडीखाली पोते अंथरून झोपावे, कपडे मळू द्यावेत. चासीच्या लांब दांड्यांवर कुठे तडा, कुठे नवे वेल्डिंग, कुठे एकाच जागी ताजा काळा रंग आहे ते पाहावे. विशेषतः हौद्याच्या खाली, पाट्यांच्या टोकांशी आणि मागचा हूक बसवला आहे तिथे. जड ट्रॉली ओढलेल्या गाडीची खूण याच ठिकाणी सापडते.

पाटे मोजावेत. दोन्ही बाजूंना सारखे आहेत काय? मूळच्यापेक्षा जादा पाटा घातलेला आहे काय? पुष्कळांना जादा पाटा म्हणजे मजबूत गाडी वाटते. आम्ही त्याला जादा वजनाचा दाखला समजतो. टोमॅटोच्या हंगामात क्रेटवर क्रेट रचून पळवलेल्या गाड्या अशाच असतात. यात एक गोम आहे, जी विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. काही पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मालाने किती खाली बसली त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यामुळे गाडी बसतच नाही, तेव्हा हा व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो. म्हणजे वजन वाढवले आणि ब्रेक घटवला, दोन्ही एकाच पाट्याने. असा पाटा असेल तर तो काढून मूळची बांधणी करून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

ब्रेकची तपासणी घरच्या घरी होते. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, ते घट्ट होईल. मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ब्रेकचा बूस्टर ठीक आहे. न गेल्यास व्हॅक्यूम पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी गेले आहे. याच कारणाने इंजिन बंद करून घाट उतरणे हा मूर्खपणा आहे. ब्रेक हलका करणारी शक्ती इंजिनाकडूनच येते. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा पाय दाबेपर्यंतच ती पुरते. पॉवर स्टेअरिंगही जड होते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे ड्रायव्हर आजही आहेत. असा ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकाला आमचे सांगणे की त्याला दोनशे रुपये रोज जादा द्या आणि गिअरमध्ये उतरायला लावा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही जुन्या एस.टी. ड्रायव्हरांची रीत आजच्या गाडीलाही लागू आहे.

क्लच पाहण्यासाठी सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर प्लेट धरते. इंजिन फिरत राहिले आणि वास आला तर क्लच गेला, किंवा हँडब्रेक धरत नाही. दोन्हींत आपल्याला माहिती मिळतेच. मग गाडी चालवताना गिअर सोडला-धरला की खालून "टक" असा आवाज येतो काय, ते कान देऊन ऐकावे. क्रॉस किंवा क्राऊनमध्ये खेळ असेल. टायरवर नुसती नक्षी पाहू नये. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत आणि रबर सात-आठ वर्षांचे, असा टायर उन्हात तापलेल्या घाटात दगा देतो.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास टाकू नये. पेडलचे रबर, स्टेअरिंगची झीज, ड्रायव्हरची बसकण आणि दाराची बिजागरी खरे बोलतात.

शेवटची परीक्षा घाटात. गाडीत सात-आठशे किलो माल टाकून, विकणाऱ्याला शेजारी बसवून, एकदा घाट चढून उतरावा. याला जो नकार देईल त्याच्याशी पुढे बोलू नये. उतरून झाल्यावर गाडी मोकळ्या जागी थांबवून चारही चाकांजवळ जावे, हात न लावता धग घ्यावी. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर तिथला ब्रेक चिकटतो. एखादे गारच असेल तर तिथला ब्रेक कामच करत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत आपली माणसे फार भोळी. "टी.टी. फॉर्मवर सही करून दिली आहे, नंतर नावावर करू" म्हणून वर्षे जातात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की अपघात झाल्यास ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक धरला जाईल. तेव्हा गाडी विकणाऱ्या सभासदानेही हे ध्यानात ठेवावे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नये. फायनान्सने ओढून आणलेली गाडी लिलावात स्वस्त मिळते, पण तिचे थकलेले चलन, कर, पासिंग यांची चौकशी आधी करावी. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पासिंग, बोजा बरेचसे दिसते; घरातल्या शाळकरी पोरालाही ते जमते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जव्हार-मोखाड्यातली जुनी गाडी एम.एच. ०४ ची निघेल, नंतरची एम.एच. ४८ ची. आपल्याकडे एम.एच. १५. दुसऱ्या कार्यालयातली गाडी आणायची तर तिथले फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे काय, तेही पाहावे. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे आणि त्यापुढे दरवर्षीचे असते. एकूण भारासह वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यावर लागते; बोलेरो पिकअपच्या वेगवेगळ्या मॉडेलांत हे वजन या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणून आर.सी. वाचूनच सौदा करावा. लायसनची चिंता मात्र मिटली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे हलक्या मोटारीच्या लायसनवर साडेसात टनांपेक्षा कमी वजनाची मालगाडी चालवता येते.

माणसे बसवण्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली माणसे वीटभट्ट्यांवर, बांधकामावर, आपल्याकडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात आणि शिमग्याला घरी परततात. पोराबाळांसह, भांडी-बोचक्यांसह. त्या वेळी पिकअपचे भाडे चांगले सुटते, आणि हौद्यात पंचवीस-तीस माणसे उभी करून गाडी घाटाला लागते. हे बेकायदा आहे. मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस सोडला तर हौद्यातल्या माणसाला मालगाडीच्या विम्याचे संरक्षण नाही. घाटात काही झाले तर भरपाई गाडीमालकाच्या सातबाऱ्यावर येते. आणि उभी माणसे म्हणजे उंचावरचे वजन, वळणावर तेही पाण्यासारखेच एका बाजूला झुकते. आपल्या बागेवर मजूर आणणाऱ्या सभासदांनी टोळीसाठी प्रवासी परवान्याची गाडी ठरवावी किंवा एस.टी.चे भाडे द्यावे. मुकादम "नेहमी असेच येतात" म्हणेल. त्याला नाही म्हणायचे.

ज्या सभासदांना गाडी पाहायला जायचे आहे त्यांनी आर.सी.ची झेरॉक्स घेऊन गुरुवारी सकाळी गट कार्यालयात यावे. कागद आम्ही पाहून देऊ. गाडीखाली झोपायला मात्र आपल्या ओळखीचा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, मेकॅनिक सोबत न्यावा आणि त्याचा दिवसाचा रोज आपण द्यावा.